शिकवलं कधी?

मित्रांनो, मी एक जुना पुतळा आहे, रुग्णालयातला, सरावाचा. रबराची कातडी, मानेत आणि दंडात नळ्या, पायांचा पत्ताच नाही. परिचारिका मला ‘मामा’ म्हणत.

अतिदक्षता विभागात पाऊल टाकण्याआधी प्रत्येक नवी मुलगी माझ्याकडे येई. शिकवायच्या मोठ्या सिस्टर. त्या माझ्या अंगावर साध्या डोळ्यांना न दिसणारी पावडर चोळत. मुली माझ्या मानेतली नळी साफ करत, हात धूत आणि खूश होत. मग सिस्टर निळा दिवा लावत. पावडर चमकायची, नखांत, घड्याळाच्या पट्ट्यावर, एकीच्या तर नाकाच्या शेंड्यावर! हसून मुरकुंडी वळे. पण दुसऱ्या दिवशी घड्याळं घरीच राहत.

पुढे वरच्या साहेबांना बैठकांसाठी ती खोली हवीशी झाली. माझी रवानगी जिन्याखाली, मोडक्या खुर्च्यांत. मोठ्या सिस्टरांना वॉर्डात जुंपलं. नव्या मुली काम करता करता शिकतील, असं साहेब म्हणाले. कोणाच्या जिवावर, हे कोणी विचारलं नाही.

एके दुपारी सिस्टरांनी मला ओढून काढलं आणि धुळीसकट बैठकीच्या टेबलावर आडवं केलं. तिथेच मला कळलं. शस्त्रक्रियेतून सावरलेली, घरी जायला निघालेली एक शिक्षिका दगावली होती. मानेतल्या नळीतून जंतू रक्तात गेले होते. खापर फुटलं होतं एका नव्या मुलीच्या डोक्यावर. ती कोपऱ्यात मान खाली घालून उभी होती.

“हिला खुशाल काढा,” सिस्टर म्हणाल्या, “पण आधी सांगा, हिला शिकवलं कधी? शिकवणारी मी वॉर्डात, आणि हा जिन्याखाली.”

जागेची अडचण होती, असं साहेब पुटपुटले.

दाराशी शिक्षिकेचा नवरा बसला होता. तो इतकंच म्हणाला, “बैठक व्हरांड्यातही होते, साहेब.”

खोली परत मिळाली. मुलगीही राहिली, माझ्या मानेला हात लावण्याआधी तिने दोनदा हात धुतले. शिक्षिका मात्र परत आली नाही. खोली द्यायला एक जीव जावा लागला, याची चीड माझ्या रबरी छातीतून अजून जात नाही.

मित्रांनो, मला पुसून कपाटात जपा, असं मी म्हणत नाही. मला वापरा. माणसाच्या मानेला हात लावण्याआधी प्रत्येकीला माझ्या मानेवर हवं तितकं चुकू द्या. माझी वाट पाहणारं घरी कोणी नाही.