उलटी वाचलेली ओळ

रविवारी सकाळी साडेनऊला जुळारीणबाईंचा संगणक ‘फट्’ करून बंद पडला आणि खोलीभर करपट वास पसरला.

छपाईच्या अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवण्यात बाईंचा अर्धा जन्म गेला होता. त्यांना हे नाव पडलं ते छापखान्यातच. खिळे वितळवले गेले तेव्हा त्यांनी हा संगणक घेतला. पडदा, डिस्क, सगळं एकाच पेटीत. त्यावर त्यांनी स्वतःच्या वळणाची अक्षरं काढली, अ पासून ज्ञ पर्यंत, जोडाक्षरांसकट. ती त्या पेटीतल्या डिस्कवर होती, जगात दुसरीकडे कुठेच नव्हती. मुलांची पुस्तकं काढणाऱ्या एका प्रकाशकाने ती मागितली, म्हणून इतक्या वर्षांनी पेटी चालू केली होती.

“आई, भंगारवाला खालीच उभा आहे. हाक मारू?” जावयाने विचारलं.

“मारा की. पण वजन आधी तुमचं करायला सांगेन.”

लेकीला हसायला सवड नव्हती. तिचं टीव्हीदुरुस्तीचं दुकान होतं. वासावरूनच ती म्हणाली, “पॉवर सप्लाय गेलाय. डिस्क वाचली असली तर नशीब आपलं.” दुकानातून ती नवा सप्लाय घेऊन आली. पाठचं झाकण काढून तिने आधी चित्रनळीत साठलेली वीज उतरवली.

“हात मागे घे गं. बंद असली तरी ही नळी झटका देते.”

लेकीने दरडावलेलं बाईंना मनातून आवडलं. जुन्या सप्लायच्या डब्यात कपॅसिटर फुगले होते, एकाने तर तपकिरी चिकटा ओकला होता. नवा सप्लाय आकाराने लहान, तो त्याच डब्यात ऐसपैस मावला. राहिला संगणकाच्या मुख्य बोर्डात बसणारा प्लग. तो एकाच बाजूने बसणारा, त्यामुळे नव्या तारा जुन्याच क्रमाने भरायला हव्या होत्या.

“जुना प्लग बघ आणि रंग सांग. डावीकडून.”

“काळा, काळा, पिवळा, पांढरा, लाल, लाल,” बाईंनी प्रूफ वाचल्याच्या सुरात म्हटलं. लेकीने एकेक तार खाचेत सरकवली.

“झालं. लाव आता,” बाई म्हणाल्या.

“थांब.” लेकीने मीटर काढला. एक टोक पेटीच्या पत्र्याला, दुसरं बोर्डावर, काळी तार येणार त्या जागी. “इथे पत्र्याशी जोड हवी. मीटर वाजायला हवा.”

मीटर गप्प. तिने बोर्डाच्या दुसऱ्या टोकाला लावून पाहिलं. मीटर वाजला.

“आई, प्लग कसा धरला होतास?”

बाईंनी तो पुन्हा हातात घेतला आणि बोटांनी आपसूक वरची बाजू खाली केली. जुळारी हातातल्या पट्टीतली ओळ अशीच उलटी धरून वाचतो. बाई निवृत्त झाल्या होत्या, बोटं नाही.

“अगं बाई! ओळीसारखा धरला की मी.”

“तसाच लावला असता तर बोर्ड गेला असता. डिस्कसुद्धा.”

“सख्ख्या आईवर विश्वास नाही हिचा,” जावई म्हणाला. “माझं काय होत असेल, कल्पना करा.”

“नसूच दे,” बाई म्हणाल्या. छापखान्यात स्वतः जुळवलेली ओळही दुसऱ्याच्या नजरेखालून गेल्याशिवाय त्यांनी कधी छापू दिली नव्हती. लेकीला त्यांनी हे समोर बसवून शिकवलं नव्हतं, तरी ते तिच्या हातात उतरलं होतं. वास कसला म्हणून शेजारीण डोकावली, तेव्हा बाईंनी आधी स्वतःची चूक सांगितली, मग लेकीने ती कशी पकडली ते. दुसरी गोष्ट दोनदा सांगितली.

तोवर लेकीने तारा काढून उलट्या क्रमाने भरल्या, पुन्हा मीटर लावला, प्लग बसवला आणि बटण दाबलं. पंखा फिरला. पडदा आधी राखाडी झाला, मग उजळला. डिस्क कण्हली, थांबली, पुन्हा सुरू झाली. लेकीने पेटीला कान लावला.

“फिरतेय. पण वाचता येतंय का तिला, ते आत्ता नाही सांगता येत.”

दुपारी एकला पडद्यावर एक बारीक रेघ लुकलुकत होती. डिस्क कुरकुरत होती. अक्षरं अजून दिसली नव्हती.