आतली शिवण

धाकटी तबेल्यातून आली ती पाय फाकवून चालत. ताई शिवणयंत्रावर बसली होती. तिला हसू आलं. "काय गं, बदक झालीस की काय?"

धाकटीने दार लावून विजार खाली केली, तेव्हा ताईचं हसू जागीच विरलं. मांड्यांच्या आतून पार गुडघ्यापर्यंत कातडी सोलून निघाली होती.

"संध्याकाळी गिऱ्हाईक येतंय," धाकटी म्हणाली. "घोडी चालवून दाखवायची. पसंत पडली नाही तर मालक डॉक्टरला बोलावून मारायची सुई देणार तिला. स्वारांना पाडते, असलीला फुकट कोण पोसणार, म्हणतो. माझ्याशिवाय ती कुणाला पाठीवर घेत नाही. आणि मला आता बसवत नाही, ताई. दुखलं की मी अंग चोरते, मी अंग चोरलं की ती बिथरते. आज मलाही पाडलं."

दाणापाणी, खरारा, लीद काढणं हे धाकटीचं काम. तिला स्वारीचे कपडे कोण देणार? घरातली जाड विजार घालूनच ती खोगिरावर बसायची.

ताईने विजार उलटी केली. आत दोरीसारखी जाड शिवण, रक्ताने कडक झालेली. "खोगीर घासतं नेमकं तिथेच मेली! स्वारांच्या विजारी कशा असतात? नीट आठवून सांग."

"पोटरीला घट्ट, म्हणजे बुटात चुण्या पडत नाहीत. पाय सरकू नये म्हणून गुडघ्याला आतून कातडं. आणि शिवण आतून नसतेच बहुतेक. बाहेरच्या अंगाला असते."

ताईने उभ्या जन्मात तशी विजार शिवली नव्हती. गणवेश आणि उशांचे अभ्रे, यातच तिचे दिवस जात. ताणलं जाणारं कापड घरात एकच होतं, तिचा स्वतःचा थंडीतला झगा. तिने त्यालाच कात्री लावली. कातडं मिळेना, तेव्हा बसायच्या स्टुलाचं मऊ आवरण सोलून काढलं.

"घाल. खाली बस. काचतं?"

"नाही."

"खोटं बोलू नकोस."

"आसनात. थोडं."

ताईने उसवलं, पुन्हा शिवलं. घाईत सुई दोनदा बोटात घुसली.

संध्याकाळी ताई कुंपणाशी जीव मुठीत धरून उभी होती. घोडीने कान मागे टाकले, अंग झटकलं. धाकटी खोगिरावर रुजल्यासारखी बसून राहिली. मग घोडी दुडक्या चालीने निघाली आणि बघता बघता वाऱ्यासारखी सुटली.

"घेतो," गिऱ्हाईक म्हणालं.

पण ट्रकच्या फळीवर घोडी पाय ठेवेना. ओढलं, चाबूक दाखवला, तशी ती मागच्या पायांवर उभी राहिली. "असली आडमुठी नको मला," म्हणत गिऱ्हाईक मागे सरलं. मालकाने खिशातून फोन काढला.

धाकटी धावली. घोडीच्या मानेवर हात ठेवून काहीबाही बोलत ती स्वतःच फळीवर चढली. घोडी निमूट तिच्या मागून गेली. धाकटीने दोर बांधला आणि एकटीच खाली उतरली. फाळका बंद झाला. आतून लाथा बसू लागल्या. ट्रक वळणाआड गेल्यावरही खिंकाळणं ऐकू येत होतं.

"तिला वाटलं, मीही बरोबर येतेय," धाकटी म्हणाली.

ताईने तिचा हात धरला. तो सोडवून घेत धाकटी घोडीच्या रिकाम्या ठाणाकडे गेली. तिथली लीद काढायची राहिली होती.