बारा पावलांचे अंतर

मित्रांनो, आधी मोजून घेऊ. त्या लाकडी पेटीत तेलकट कागदात गुंडाळलेले छत्तीस सुरुंग होते. एक लहान फावडे, नियमांचे एक पातळ पुस्तक आणि कोपऱ्यात चामड्याच्या डबीत मी. मी एक जुनी पोलादी मोजपट्टी आहे. लांबी तीस मीटर. माझे सुरुवातीचे चार सेंटिमीटर गंजून गेले आहेत, म्हणून माझ्यावर दहा सेंटिमीटरच्या खुणेपासून मोजतात आणि शेवटी दहा वजा करतात.

माझा जन्म एका बलाढ्य देशाच्या कारखान्यात झाला. त्या काळी असे दोन देश होते. त्यांच्यात हाडवैर होते, पण समोरासमोर लढायची सोय नव्हती, कारण दोघांपाशी अशी अस्त्रे होती की पहिला वार करणाराही उरला नसता. म्हणून त्यांचे भांडण दूरच्या लहान देशांच्या अंगणात चाले. एकाने इथे पेट्या पाठवल्या, दुसऱ्याने शेजारच्या देशात. मधली सीमाही त्यांनीच एका टेबलावर बसून पेन्सिलीने ओढली होती. नकाशावर ती रेघ एक मिलिमीटर जाड होती. नकाशाच्या प्रमाणात जमिनीवर तिची रुंदी दोनशे मीटर भरते. रेघेची कोणती कड खरी, हे कुणीच लिहून ठेवले नाही. गावाची विहीर नेमकी त्या दोनशे मीटरांत आहे.

विहिरीच्या उत्तरेला सुरुंग पुरायचे काम गावातल्याच एका तरुण शिपायाकडे आले. पुस्तकात लिहिले होते, मोजपट्टीने मोजा आणि नोंद करा. पण समोरून तोफा सुरू होत्या. मला उलगडायला वेळ कुणाला? त्याने पावलांनी मोजले. दर बारा पावलांवर एक सुरुंग पुरला आणि तसेच लिहिले. मी दिवसभर डबीतच राहिले. माझ्या आयुष्यातला सर्वांत महत्त्वाचा दिवस तो, आणि मी काहीच केले नाही.

पुढे त्या दोन देशांतला एक मोडला आणि दुसऱ्याचे लक्ष उडाले. पेट्या यायच्या थांबल्या. आलेल्या मात्र गोदामांत तशाच पडून राहिल्या. गाव चार किलोमीटरवरून पाणी आणू लागले. शिपाई म्हातारा झाला. त्याची मुलगी, सगळ्या गावाची ताई, सुरुंग काढणाऱ्या पथकात लागली आणि तिने पहिला अर्ज दिला तो आपल्याच विहिरीसाठी. अर्जासोबत जोडायला तिने वडिलांकडे त्यांनी लिहिलेली सुरुंगांची यादी मागितली, तेव्हा ट्रंकेतून यादी निघाली आणि यादीखालून मी.

यादीत फक्त पावले होती. ताईने बाबांना अंगणात चालायला लावले आणि मला बाजूला अंथरले. दहा पावले, पाच मीटर साठ.

"तुमची पावलंही पेन्शनवर गेली की, बाबा."

बाबा हसले नाहीत. "तेव्हा मी पंचविशीत होतो," ते म्हणाले. "आणि घाबरलो होतो. घाबरलेल्या माणसाचं पाऊल केवढं असतं, ते तूच शोध."

तिने शोधले. पोटावर झोपून, हातभर जमीन एका वेळी तपासत, अकरा आठवड्यांनी पहिला सुरुंग सापडला आणि मग दुसरा. दोन्ही खड्ड्यांत तिने पांढऱ्या खुंट्या ठोकल्या आणि मला मधे ताणले. आठ मीटर अठ्ठ्याऐंशी. त्याला बाराने भागले. चौऱ्याहत्तर सेंटिमीटर. बाबांचे तरुणपणीचे पाऊल सापडले होते. त्या संध्याकाळी दोघेही बराच वेळ माझा गंज पुसत बसले. एवढे लाड माझे कधीच झाले नव्हते.

त्यानंतर दोन वर्षांत बावीस सुरुंग निघाले. बावीस खड्डे, बावीस पांढऱ्या खुंट्या. उरलेले चौदा चढावर होते. चढावर पाऊल आखडते, त्यामुळे हिशेब जुळेना. तरी विहिरीपर्यंतची वाट मोकळी झाली होती. पोहऱ्याला बांधायला ताईने नवा दोर आणून ठेवला होता.

तो दोर कोराच राहिला. रेघेच्या कुठल्या कडेला कोण, यावरून दोन्ही शेजारी पुन्हा भिडले. बलाढ्य देश आता दोनाचे तीन झाले होते, असे लोक म्हणत. सुरुंग काढण्याचे काम थांबले. एका सकाळी विहिरीजवळ ट्रक आला. त्यातून उतरवलेल्या पेट्यांवर माझ्याच कारखान्याचा शिक्का होता. जुन्याच गोदामातला माल.

तरुण अधिकाऱ्याने खुंट्यांची रांग पाहिली. तो उर्मट नव्हता, थकलेला होता.

"खड्डे तयारच आहेत," तो म्हणाला. "काम सोपं केलंत, आजोबा."

बाबा विहिरीच्या कठड्यावर बसले ते बसलेच. ताईने बरीच विनवणी केली. वाट तेवढी सोडा, म्हणाली. अधिकारी म्हणाला, हुकूम रांगेचा आहे, वाटेचा नाही. एक जवान पहिल्या खुंटीपासून पावले टाकू लागला. एक, दोन, तीन.

"पावलांनी नको," ताई म्हणाली.

तो थांबला. तिने मला डबीतून काढले आणि त्याच्या हातात दिले. "हिने मोजा. शून्यापासून धरू नका, दहापासून धरा, नि शेवटी दहा वजा करा. आणि प्रत्येक अंतर लिहून ठेवा. कुणाला तरी परत काढावे लागतील."

मित्रांनो, माझ्याकडून तुम्हाला सांगण्यासारखे एवढेच आहे, आणि तेही तिने सांगून झाले.

जवानाने माझी दहाची खूण पहिल्या खुंटीला धरली. दुसऱ्याने मला दुसऱ्या खुंटीपर्यंत ताणले. वाचन आठ मीटर अठ्ठ्याण्णव. दहा वजा. आठ मीटर अठ्ठ्याऐंशी सेंटिमीटर.