कपाटात जपलेली जाळी

मी एक जुनी लोखंडी जाळी आहे. जुनी असले तरी माझ्या अंगावर एक ओरखडा नाही आणि मित्रांनो, याचीच मला लाज वाटते.

पत्र्याचे डबे करणाऱ्या कारखान्यात फिटरकाकांनी मला घडवलं. तिथल्या पत्रा कापायच्या यंत्रावर त्यांची धाकटी बहीण काम करायची. तिला सगळे ताई म्हणत. माझ्या गजांमधून काकांनी आपली करंगळी घालून पाहिली. ती शिरेना, तेव्हा कुठे त्यांनी मला पात्यापुढे बसवलं.

"पत्रा आत जाईल, बोट जाणार नाही."

"दादा, मी काय कुकुलं बाळ आहे?" ताई हसली. पण त्या दिवसापासून ती काम करताना गुणगुणू लागली.

आठच दिवस. मग मुकादमाने मला उतरवलं. "या बयेमुळे हात अडतो. डबे कमी निघतात."

काका भांडले. मुकादम म्हणाला, "एवढी काळजी आहे, तर बहिणीला घरी बसवा." काका पाना उचलून आपल्या कामाला लागले.

तेव्हापासून मी कोपऱ्यातल्या कपाटात. तपासणीचे साहेब येणार असले, की मला पुसून, तेल लावून जागेवर बसवायचे. "वा! अगदी नव्यासारखी ठेवली आहे," साहेब म्हणायचे. त्यांची गाडी वळली, की मी परत कपाटात.

एका सकाळी ताईची किंकाळी ऐकू आली. लगेच कपाटाचं दार उघडलं. बाहेर ताईला गाडीत घालत होते आणि आत मुकादम माझे नट आवळत होता.

दुपारी साहेब आले. "जाळी तर जागेवर आहे. म्हणजे चूक बाईंचीच."

फिटरकाका पुढे झाले. "साहेब, या जाळीतून तुमचं एक बोट आत घालून दाखवा."

साहेबांनी बोट घातलं नाही. त्याच बोटांत पेन धरून त्यांनी अहवालावर सही केली.

ताईची दोन बोटं गेली, कामही गेलं. राखण मी केली, पण मुकादमाची आणि मालकाची. त्यासाठी काकांनी मला घडवलं नव्हतं.

आता मी पुन्हा कपाटात आहे. तेलपाणी वेळेवर होतं. मित्रांनो, उद्या तुमच्या हाताखाली माणसं काम करतील. तेव्हा माझ्यासारखीला असं जपू नका. झिजू द्या, वाकू द्या, पण पात्यापुढे राहू द्या.

ताईच्या जागी आता दुसरी बाई बसते. कपाटाच्या फटीतून मला तिची दहाही बोटं दिसतात.