तीन चादरी, बारा काळ

दवाखान्याच्या कपडे-खोलीत सव्वीस वर्षं चादरींच्या घड्या घातल्यावर घडीबाईंना खुर्ची हवीशी वाटली. अर्जात अनुभव, सेवाभाव वगैरे लिहिलं होतं, ते सुनेनं. खरं कारण खांदा. उजवा हात डोक्याच्या वर गेला की कुरकुर करायचा. जुन्या सुपरवायझरबाई निवृत्त होऊन चार महिने झाले होते, खिडकीजवळची त्यांची खुर्ची रिकामी होती, आणि त्या खुर्चीत बसणारीला चादरी झटकाव्या लागत नसत, नुसत्या मोजाव्या लागत. मोजण्यात घडीबाईंचा हात धरणारं कुणी नव्हतं.

अडचण एकच. चादरींचं रजिस्टर इंग्रजीत. आल्या, गेल्या, धुतल्या, धुवायच्या आहेत, धुतल्या असत्या पण साबण संपला, सगळं इंग्रजीत. म्हणून तोंडी परीक्षा ठेवलेली. साहेब देतील ते क्रियापद बाराही काळांत चालवून दाखवायचं, वर आज्ञार्थ आणि संकेतार्थ. नापास झालात तर बाहेरून माणूस येणार.

"आणि तो उशीची खोळ नि ऑपरेशनचं फडकं एकाच गठ्ठ्यात बांधणार," घडीबाईंची धाकटी जाऊ म्हणाली. ती त्याच खोलीत कामाला होती. चादरीचं एक टोक घडीबाईंचं, दुसरं तिचं. तिनं अर्ज का केला नाही असं कुणी विचारलं, तर तिचं उत्तर तयार असे. "बसलं की मला झोप येते."

शिकवायचं काम सुनेकडे आलं. ती शिकवण्या घ्यायची.

"आई, वही उघडा. पाठ ताठ."

सासूबाईंनी वही उघडली आणि पाठही ताठ केली. नऊ वर्षं त्या घरात हुकूम एकाच दिशेनं सुटत होते. ते त्या सकाळी उलटे फिरले, आणि सुनेला त्याची किती मजा वाटली हे तिनं कुणाला कळू दिलं नाही.

"आपण फक्त नियमित क्रियापदं घेऊ. वॉश, फोल्ड, काउंट, प्रेस. मागे शेपूट लावलं की भूतकाळ."

"मग अनियमित कुठली?"

"ईट, स्लीप, गो."

"बरोबर आहे," घडीबाई म्हणाल्या. "जेवण, झोप, जाणं-येणं. नियमित कधी होतं माझं?"

पंधरा दिवस वहीनं काही दाद दिली नाही. किनार बघून वॉर्ड ओळखणारी बाई, पण पूर्ण भूतकाळ आला की पूर्ण भविष्यकाळ पसार. मग एका रविवारी दोघी दोरीवरची चादर काढून घडी घालत होत्या, आणि सुनेनं सहज विचारलं, "वॉशचा चालू वर्तमान?" चादर दुसऱ्यांदा दुमडता दुमडता उत्तर आलं. तिसऱ्या घडीला पूर्ण आला, चौथीला चालू पूर्ण. सुनेनं मनातल्या मनात हिशेब केला. एका चादरीला चार घड्या. तीन चादरी, बारा काळ.

तेव्हापासून वही फडताळात गेली. सकाळी घरी सून टोक धरी, दिवसभर कामावर जाऊ. धुलाईच्या गाड्या रिकाम्या होत गेल्या, इंग्रजी भरत गेलं. या सगळ्यात एक गोष्ट मात्र कुणाच्याच ध्यानात आली नाही. समोर टोक धरायला माणूस नसताना घडीबाईंनी एकदाही म्हणून पाहिलं नव्हतं.

ते परीक्षेच्या खोलीत ध्यानात आलं. टेबलापलीकडे साहेब आणि मेट्रनबाई.

"काउंट," साहेब म्हणाले. "वर्तमानकाळापासून."

"आय काउंट," घडीबाई म्हणाल्या आणि थांबल्या. दोन्ही हात हवेत वर आले. धरायला काही नव्हतं, ते खाली गेले.

"पुढे?"

खुर्ची, खिडकी, खांदा, सगळं हातचं जाऊ लागलं. घडीबाईंनी टेबलाकडे पाहिलं. टेबलावर पांढरा कपडा होता, त्यावर चादरींचं रजिस्टर.

"साहेब, रजिस्टर जरा उचलता? आणि ते टोक धरा."

मेट्रनबाई खाली मान घालून रुमाल शोधू लागल्या. साहेबांनी आयुष्यात चादरीचं टोक धरलं होतं ते फक्त अंगावर ओढून घ्यायला. पण ते उठले. पहिल्या चार घड्यांत वर्तमान पार पडला. कपडा उलगडला, झटकला. चार घड्यांत भूतकाळ. भविष्याला साहेबांनी भलताच कोपरा ओढला.

"नो, नो. टर्न. होल्ड स्ट्रेट. डोन्ट पुल."

साहेब वळले, सरळ धरलं, ओढायचं थांबले. भविष्यही घडीत बसला.

"आज्ञार्थ झाला," मेट्रनबाईंनी कागदावर खूण केली. "संकेतार्थ राहिला."

घडीबाईंनी शेवटची घडी हातानं दाबली. "इफ यू हॅड लिसन्ड, वुई वुड हॅव फिनिश्ड."

साहेबांनी ते झेललं. "निकाल आठवड्यानं कळवू," ते म्हणाले, आवाज होता तितका कडक ठेवून.

"कळवा. याच्यावर शाई सांडलीय, हा मी धुवायला नेते."

"साहेब," मेट्रनबाई म्हणाल्या, "कपडा बाहेर चाललाय. नोंद लागेल."

साहेबांनी क्षणभर मेट्रनबाईंकडे पाहिलं, मग रजिस्टर घडीबाईंपुढे सरकवलं. त्यांनी एकेक अक्षर जपून लिहिलं, रिसीव्ह्ड वन टेबलक्लॉथ, आणि पेन अडलं. "सही कुठे करू?"

साहेबांनी बोट ठेवलं. सुपरवायझरचा रकाना. चार महिने कोरा.

बाहेर जाऊ भिंतीला टेकून उभी होती. "काय झालं, ताई?"

"सही केली."

"कुठे?"

घडीबाईंनी सांगितलं. जाऊनं ऐकून घेतलं, काखेतल्या कपड्याचा कोपरा उचलला आणि डाग उजेडात धरला. "जुनी शाई आहे. आधी भिजत घालावं लागेल."

"घाल मग," घडीबाई म्हणाल्या, आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच दुसरं टोक हातात न ठेवता अख्खा कपडा तिच्याकडे दिला.