हळद लावलेली बेंबी

गोमतीआत्याला पित्ताशयातल्या खड्यांचं भय नव्हतं. तिचा राग होता तो डाव्या बरगडीखाली पडणाऱ्या भोकावर.

"देवानं बेंबी कशास दिली गे? तेथूनच जा. चोरासारखी कुशीकडून कां शिरतेस?"

तिची भाची डॉक्टर शिवरंजनी कुंभकोणमच्या त्या छोट्या इस्पितळात एरवी बेंबीतूनच दुर्बीण घालायची. पण आत्याच्या बेंबीपर्यंत जुन्या ऑपरेशनचा उभा व्रण आला होता.

"तिथं आतडं आतून चिकटलेलं असलं, तर वायू भरायची सुई त्यातच घुसेल, आत्या. सुईला डोळे नसतात."

"तुझ्या बापास तरी कोठें होते? चष्मा शोधायास दुसरा चष्मा लागायचा त्यास!"

दोघी हसल्या. शिवरंजनीच्या वडिलांना, पांडुरंगरावांना, जाऊन अजून वर्ष झालं नव्हतं. घरात शिवरंजनीवर ओरडायला आता ही एकच उरली होती, आणि ती दुसऱ्या कुठल्या डॉक्टरला पोटाला हात लावू देईना.

शुक्रवारी आत्याला भूल चढली. हरिणी सिस्टरनं गाऊन वर केला आणि ओरडली, "अय्यो!"

शुक्रवारी उंबरठा सजवतात, तशी आत्यानं बेंबी सजवली होती. भोवती दाट हळद, कुंकवाचे ठिपके, वर पिठाच्या रांगोळीचं इवलंसं कोलम!

"मॅडम, स्वागत तर इकडे आहे," भूल देणारे विजयराघव म्हणाले.

शिवरंजनीला इतकं हसू लोटलं की मास्क फुग्यासारखा फुगायला लागला. हात स्थिर होईपर्यंत तिनं सुईला शिवलंही नाही.

नळीनं जठर रिकामं केलं, पोटावरची हळद धुऊन घेतली, आणि ती बरगडीखालूनच शिरली. टक्. टक्. सुईनं पोटाचे थर भेदले. सुईवरचा सलाइनचा थेंब अलगद आत ओढला गेला. वायूचा दाब कमी दिसला. म्हणजे सुई मोकळ्या जागेत होती. पोट फुगलं, दुर्बीण आत गेली.

पडद्यावर बेंबीच्या अगदी मागे आतड्याचं वेटोळं चिकटून बसलं होतं.

शिवरंजनीनं दुर्बीण तिथंच रोखून धरली.

"गृहप्रवेश टळला," विजयराघव पुटपुटले, आणि सगळे पुन्हा खिदळले. बाकीची भोकं पडद्यावर बघत बघत पडली, आणि पित्ताशय खड्यांसकट बाहेर आलं.

संध्याकाळी आत्यानं डोळे उघडले.

"पोट कापलेंस ना तूं? मग खांदा कां दुखतो?"

"आत भरलेला गॅस गे. जाईल उद्यापर्यंत."

"वारा भरलास मज? इतुकें शिकवलें तुज, तें सायकलीस हवा मारायास?"

शेजारच्या खाटेवरची बाई जागी झाली. आत्या थांबेना. शिवरंजनीनं स्टूल जवळ ओढलं आणि शिव्या खात ऐसपैस बसली.