दोन बोटं अपुरी झोप

मृणालिनीच्या श्यामसुंदरला दुपारी झोप यायची, पण टिकायची नाही. शेगडीवर डाळ ठेवावी, तिला जेमतेम उकळी फुटावी, की झोळीतून पाय बाहेर. पोर अजून वर्षाचंही नव्हतं; पण कचेरीत डुलकी घेणाऱ्या जुन्या कारकुनासारखं दचकून उठायचं, जणू साहेबच समोर येऊन उभा राहिला.

मुलुंडच्या आमच्या चाळीत सल्ल्यांना तोटा नव्हता. कुणी म्हणालं, गुटीत जायफळाचे दोन वळसे जास्त द्या. कुणी म्हणालं, ओव्याची धुरी द्या. खालच्या विमलाबाईंनी तर आपलं जुनं मऊ लुगडं आणून झोळी बांधून दिली, आणि दुसऱ्याच दिवशी वर येऊन झोळीत डोकावल्या.

"गो मृणाल, ह्येका झोप खंय? ही नुसती डुलकी आसा," त्या म्हणाल्या. श्यामसुंदरने त्यांच्याकडे बघून बोळकं हसून दाखवलं.

एरवी मृणालिनीने हे सोसलं असतं. पण त्या साली चैत्रातल्या उत्सवात, रामाच्या देवळात एका दुपारी बायकांसमोर तिचं कीर्तन ठरलं होतं. तिचे वडील हरदास होते, कीर्तनं करायचे. लहानपणी ती त्यांच्यामागे उभी राहून ध्रुपद धरायची. लग्न झालं, मुलुंडला आली, आणि चिपळ्या ट्रंकेत गेल्या. त्या बाहेर काढायला लावल्या सासूबाईंनी, म्हणजे माईंनी. देवळाचा कारभार बघणाऱ्या मार्तंडरावांकडेही त्याच गेल्या होत्या.

मार्तंडराव जरा कडक. म्हणाले, "बाईंनी कीर्तन करायला माझी ना नाही. पण उभं राहिलेलं कीर्तन अर्ध्यात सोडायचं नाही. पुरं केलंत, तर चातुर्मासातल्या दुपारी तुमच्या."

चातुर्मासातल्या दुपारी! त्या दिवशी मृणालिनीने आमटीत मीठ दोनदा घातलं आणि विद्याधरने, तिच्या नवऱ्याने, ती मुकाट्याने भुरकली.

आता तालीम करायची कधी? सकाळी डबा, संध्याकाळी पाणी. उरली बाळाची झोप. तो निजला रे निजला की ती चिपळ्यांना फडकं गुंडाळायची, दार लोटायची आणि दबक्या आवाजात नमन सुरू करायची. पूर्वरंग छान व्हायचा. अभंग, त्याचं निरूपण, दृष्टांत, सगळं ओघाने यायचं. आणि निरूपण संपून आता कीर्तनकाराला बुक्का लावायचा, हार घालायचा, मग उत्तररंगातलं आख्यान, एवढ्यात झोळी हलायची.

"बघ," माई म्हणायच्या, "नातू माझा बरोबर बुक्क्याला उठतो. उद्या देवळात आधी त्यालाच हार घाला."

"माई, तुम्हाला हसू येतंय! माझं आख्यान एकदाही झालेलं नाही."

"मग कर की आता."

"ह्याला भात कोण भरवणार?"

मग ती चिपळ्या ठेवायची, श्यामला कडेवर घ्यायची आणि मऊ भाताची वाटी घेऊन गॅलरीत यायची. पोर सरळ जेवेल तर शपथ. त्याला भुलवायला ती कृष्णाच्या गोष्टी सांगायची. कृष्णाने माती खाल्ली, यशोदेने तोंड उघडायला लावलं, त्याने लोणी चोरलं, तिने उखळाला बांधलं. रोज एक घास, एक गोष्ट, आणि मधे पाठीवर थोपटणं.

उत्सवाचा दिवस उजाडला. देऊळ बायकांनी भरलं. मार्तंडराव खांबाशी पाटावर बसले. पेटीवर चाळीतलीच सुलक्षणा होती. श्याम मागे माईंच्या मांडीवर गाढ निजलेला.

पूर्वरंग असा रंगला की विमलाबाईंनी डोळे पुसले. मृणालिनीला बुक्का लावला, गळ्यात मोगऱ्याचा हार घातला. आणि त्याच क्षणी माईंच्या मांडीवर नातू उठला. सवयच ती! त्याने देऊळ दणाणून सोडलं.

सुलक्षणाने स्वर दिला, पुन्हा दिला. मृणालिनीला आख्यानाचा पहिला शब्द आठवेना. रोज इथेच तर तिचं कीर्तन संपायचं. मार्तंडरावांनी घसा खाकरला.

"माई, द्या त्याला इकडे," ती म्हणाली.

"अगं, आता? कीर्तनात?"

"द्या हो."

श्याम कडेवर आला. तिने एका हातात चिपळ्या सावरल्या, दुसऱ्या हाताने त्याला धरलं, रोजच्यासारखी हलली, आणि तोंडातून शब्द आले, "एकदा काय झालं, बाळकृष्णाने माती खाल्ली."

मग थांबणंच नाही. गॅलरीत रोज झालेलं सगळं आख्यान जिभेवर हजर होतं. सुलक्षणाने पेटीची लय तिच्या झुलण्याला जुळवून घेतली. यशोदा कृष्णापुढे बसली, हनुवटी धरली, आणि सवयीने मृणालिनी म्हणाली, "आ कर बघू. मोठ्ठा आ!"

साऱ्या सभेने आ केला. पहिल्या रांगेतल्या आज्यांनी केला, विमलाबाईंनी केला. खांबाशी मार्तंडरावांनीही केला, आणि लक्षात येताच उपरण्याने तोंड पुसलं.

हशा ओसरला तशी ती उखळाशी आली. यशोदा दोर आणते, तो दोन बोटं अपुरा. दुसरा जोडते, तरी दोन बोटं अपुरा. गोकुळातले दोर संपले, माय घामाघूम झाली.

"आयांनो," मृणालिनी म्हणाली, "आपल्या घरीही दोर दोन बोटं अपुराच असतो. डाळ शिजायला दोन बोटं, डोळा लागायला दोन बोटं. आपण दमायचं तेवढं दमायचं. पुढचं त्याच्या हातात. त्याला दया आली की तो आपणहून बांधून घेतो."

बोलता बोलता तिचा आवाज खाली आला. खांद्यावर डोकं टेकलं होतं. श्याम निजला होता.

आता गजर आणि आरती राहिली होती. त्याशिवाय कीर्तन पुरं कसं व्हायचं? मृणालिनीने मार्तंडरावांकडे बघितलं. मार्तंडराव उठले, आरतीच्या घंटेपाशी गेले आणि तिचा लोळा मुठीत घट्ट धरला.

"म्हणा," ते कुजबुजले. "पण हळू."

गजर ओठातल्या ओठात झाला. टाळ्यांऐवजी बायकांनी बोटावर बोट वाजवलं. आरतीला तबकातलं निरांजनसुद्धा जपून फिरलं. प्रसाद वाटून झाला, चपला शोधून झाल्या, तरी श्याम खांद्यावर गाढ झोपलेलाच.

"घरी गं बाई हा असं कधी करत नाही," माई येईल त्याला सांगत होत्या.

मार्तंडराव अजून घंटेचा लोळा धरून उभे होते. सोडावा, तर वाजेल.

"आषाढी एकादशीपासून दुपार तुमची," ते मृणालिनीला म्हणाले. "ह्यालाही घेऊन या. आणि जाता जाता ह्या घंटेला बांधायला एक फडकं देऊन जा."

मृणालिनीने कमरेला खोचलेलं चिपळ्यांचं फडकं काढून त्यांच्या हातात दिलं.